मूर्तिजापूरचा गळा आणि तीन मिनिटांची तबकडी



अकोल्याहून नागपूरच्या गाडीत बसावे, तो तासाभराच्या आत मूर्तिजापूर स्टेशन येते. अचलपूर आणि यवतमाळ अशा दोन दिशांस जाणारी ‘शकुंतला’ ही नॅरोगेज गाडी पुष्कळ वर्षे येथूनच सुटत असे. वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठी घातलेल्या त्या रुळांमुळे हे गाव व्यापाऱ्यांस ठाऊक झाले. रसिकांस मात्र ते दोन देशपांड्यांमुळे ठाऊक असावयास हवे. एक कवी ‘अनिल’, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, जन्म १९०१ चा. दुसरे गायक वसंतराव देशपांडे, जन्म २ मे १९२० चा. आज मी बोलणार आहे ते दुसऱ्यांविषयी. पहिल्यांची गाठ वाटेत एकदा पडेल.

वसंतरावांचे बालपण गेले नागपुरास. आईने मोठ्या कष्टाने त्यांस वाढविले आणि शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणे शिकावयास घातले. पंधराव्या वर्षीच भालजी पेंढारकरांच्या ‘कालिया मर्दन’ या बोलपटात ते कृष्ण झाले. पुढे लाहोरास असद अली खाँसाहेबांची, मुंबईस भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांची, शिवाय सुरेशबाबू माने यांची तालीम त्यांस मिळाली. परंतु मनात आदर्श बसला होता तो मास्टर दीनानाथ मंगेशकरांचा. आमच्या अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांनी लिहिलेले ‘रणदुंदुभी’ नाटक १९२७ साली दीनानाथांच्याच बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले होते. वऱ्हाडचा शब्द आणि दीनानाथांचा सूर यांचा योग असा वसंतरावांच्या आधीच जुळून आला होता, हे सांगण्याचा मोह मला आवरत नाही.

लाहोरच्या मुक्कामात त्यांस प्रामुख्याने एकच राग मिळाला, तो मारवा, असे सांगतात. मारव्यात पंचम वर्ज्य, ऋषभ कोमल, मध्यम तीव्र. आणि गंमत अशी की ज्या षड्जावर गायकाने विसावावयाचे, तोच त्याने शक्य तितका टाळावयाचा. गाणे ऋषभ-धैवतावर रेंगाळत राहते. सूर्य बुडाला आहे, दिवा अजून लागलेला नाही, अशा वेळची ती हुरहूर आहे. आणि अखेर षड्ज लागतो तेव्हा ऐकणाऱ्यास घरी पोचल्यासारखे वाटते. पण त्यासाठी आधी त्यास बराच वेळ बाहेर ताटकळत ठेवावे लागते, आणि वेळ ही एकच वस्तू जुन्या ध्वनिमुद्रिकेजवळ नव्हती.

हिंदुस्थानात ग्रामोफोनसाठी ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९०२ साली, कलकत्त्यास. लाखेची, दहा इंची, मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे घेणारी तबकडी एका बाजूस तीन, फार तर साडेतीन मिनिटे वाजे. १९२५ च्या आधी मायक्रोफोनही नव्हता. गायकाने कर्ण्यात तोंड घालून जोराने गावयाचे; त्या आवाजाच्या धक्क्याने सुई मेणाच्या थाळीवर रेघ कोरी. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या कलावंतांनी या तीन मिनिटांत अत्तराच्या कुपीसारखे गाणे बसविले, हे खरे. तथापि ती आटवून घेतलेली वस्तू होती. ऐनवेळी सुचेल त्या वाटेने जाणारा, चार आवर्तने चुकल्यासारखे भासवून समेवर अचूक उडी घेणारा गायक त्या कुपीत कसा मावावा? वसंतराव नेमके तसे होते. तबल्यावरही त्यांचा हात होता, म्हणून लयीशी त्यांचा खेळ बेदरकार असे. तोच राग, तीच चीज. परंतु आजची बैठक कालच्यासारखी होईल याची खात्री त्यांस स्वतःसही नसावी.

मिनिटास सव्वातेहतीस फेऱ्यांची दीर्घ तबकडी अमेरिकेत १९४८ साली निघाली. तिच्या एका बाजूस वीस-बावीस मिनिटे मावत. आपल्याकडे ती रुळेपर्यंत आणखी बरीच वर्षे गेली, आणि त्या काळात वसंतराव होते कोठे? पुण्यास, लष्करी हिशेबखात्याच्या कचेरीत. दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी तेथे कारकुनी केली. दिवसा आकडेमोड, रात्री बैठक, पहाटेच्या गाडीने परत, की पुन्हा साडेदहाला टेबलावर! महिनाअखेर ज्या घरांत मोजून काढावी लागते, त्यांस हे निराळे सांगावयास नको. १९६० नंतरच्या काळात तर त्यांची बदली थेट ईशान्य सरहद्दीवर, त्या वेळच्या नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात झाली. कोठे मूर्तिजापूर, कोठे लाहोर आणि कोठे ते डोंगर! गवयाचा प्रवास म्हटला की आपल्यापुढे हारतुरे येतात. या प्रवासात हुकुमाचा कागद होता.

नोकरीमुळे मोठा गवई वाया गेला, असे हळहळणारे पुष्कळ भेटतात. मला ते अर्धेच पटते. बिदागीसाठी कोणाची मर्जी राखावी लागली नाही, म्हणूनच त्यांचे गाणे इतके निर्भय राहिले असावे. परंतु उरलेला अर्धा भाग कठोर आहे. पंचविशी ते पंचेचाळिशी हा गळ्याचा भर माध्यान्हकाळ, आणि तोच खतावण्यांस गेला. नोकरी सुटली ती १९६५ च्या सुमारास, आणि ३० जुलै १९८३ रोजी ते पुण्यात निवर्तले. पूर्णवेळ गायक म्हणून मिळाली ती उणीपुरी अठरा वर्षे! संगीत नाटक अकादमीचा सन्मानही १९८२ साली, म्हणजे अखेरच्या टप्प्यावर आला.

त्या अठरा वर्षांस आरंभी मोठा हात दिला तो रंगभूमीने. नागपूरचेच पुरुषोत्तम दारव्हेकर यांनी ‘कट्यार काळजात घुसली’ लिहिले, जितेंद्र अभिषेकी यांनी चाली बांधल्या, आणि प्रभाकर पणशीकरांच्या नाट्यसंपदेने १९६७ च्या डिसेंबरात ते रंगमंचावर आणले. वसंतराव झाले खाँसाहेब. त्यातील ‘घेई छंद मकरंद’ हे पद दोन घराण्यांच्या दोन चालींत येते; शब्द तेच, पण एकीत पंडितजींचा संथ डौल आणि दुसरीत खाँसाहेबांची वीज. शिकवणीशिवाय सामान्य प्रेक्षकास घराणे म्हणजे काय ते येथे समजते. अशी युक्ती आम्हां मास्तर मंडळींस वर्गात सुचती तर! गावोगावच्या प्रयोगांमुळे, बैठकीस कधी न गेलेल्या माणसांपर्यंत हे गाणे पोचले. २०१५ साली या नाटकावर चित्रपट निघाला, तेव्हा वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा गळा त्यात होता.

भावगीतांच्या छोट्या तबकड्यांनी त्यांस घरोघर नेले. वा. रा. कांतांची ‘बगळ्यांची माळ फुले’ श्रीनिवास खळ्यांच्या चालीत त्यांनी गायिली. आणि येथे अनिलांची गाठ पडते. त्यांची ‘कुणी जाल का, सांगाल का’ ही कविता यशवंत देव यांच्या चालीत वसंतरावांच्याच कंठातून आली. म्हणजे शब्दही मूर्तिजापूरचा, गळाही मूर्तिजापूरचा. ते गाणे ऐकणाऱ्या किती वऱ्हाडकरांस याची कल्पना असेल?

बैठकींचे मात्र निराळे झाले. त्या सापडतात मुख्यतः फितींवर. कोणा हौशी यजमानाने खोलीच्या कोपऱ्यात टेपरेकॉर्डर ठेवावा, आणि सेकंदास पावणेचार इंच या वेगाने बाराशे फूट फीत तासभर फिरावी. तास! तबकडीच्या तीन मिनिटांपुढे हे केवढे ऐश्वर्य! वसंतरावांच्याच नव्हे, त्यांच्या पिढीच्या कितीतरी गवयांच्या ऐन रंगातल्या बैठकी अशा घरगुती फितींमुळे उरल्या. अमरावती-अकोल्याच्या जुन्या वाड्यांत, कपाटाच्या वरच्या खणात अशी रिळे अजूनही असतील. ज्यांच्या घरी असतील त्यांनी हे ऐकावे.

फितीवरील चुंबकी भुकटी ज्या चिकट लेपाने धरलेली असते, तो उष्णतेने व दमटपणाने सुटू लागतो. वैशाखात अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो आणि श्रावणात भिंतींस ओल येते. फितीस याहून वाईट हवा ती कोणती? रीळ उघडताच शिरक्यासारखा आंबट वास आला, तर फीत कुजू लागली आहे असे समजावे आणि ते रीळ इतरांपासून वेगळे ठेवावे. माळ्यावरचे जुने यंत्र काढून ती लावून पाहण्याचा उत्साह करू नये. घाणेरड्या मुखाने भुकटी खरवडून निघते, आणि ते गाणे पुन्हा कधीच ऐकावयास मिळत नाही. फार वर्षे गुंडाळून राहिलेल्या फितीत एका थराचा ठसा शेजारच्या थरावर उमटतो. त्यामुळे तान सुरू होण्यापूर्वीच तिची पुसट चाहूल ऐकू येते. ती भुताटकी नव्हे, की यंत्राचा दोषही नव्हे. जाणकाराकडून सावकाश एकदाच वाजवून संगणकावर तिची प्रत करून घ्यावी, आणि मूळ फीत टाकून देऊ नये. डब्यावर गायकाचे नाव बहुधा असते. बैठक कोठे झाली, कोणत्या साली, तबल्यास कोण होते, हे नसते. घरातील वडील मंडळींस ते आठवते आहे तोवर विचारून पेन्सिलीने लिहून ठेवावे. शाईचे डाग फितीस लागतात.