ब्लफ : श्रद्धेने आणलं, गुरांनी जगवलं

युटाच्या वाळवंटातलं ब्लफ हे गाव निव्वळ श्रद्धेवर तगलं, असं सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. मॉर्मन पंथाची सुमारे अडीचशे माणसं १८७९मध्ये निघाली. सहा आठवड्यांच्या वाटेला सहा महिने लागले. 'होल इन द रॉक' ही कड्यातली फट सुरुंगांनी रुंदावून, खडकात लाकडी खुंट ठोकून त्यांनी ८३ गाड्या कोलोरॅडो नदीपर्यंत उतरवल्या. एप्रिल १८८०मध्ये ब्लफला पोचल्यावर मात्र सान हुआन नदीच्या पुरांनी त्यांचे पाट पुन्हापुन्हा उद्ध्वस्त केले. श्रद्धा नसती तर तिथे कुणी थांबलंच नसतं, हा आक्षेप रास्त आहे. पण श्रद्धा असूनही कित्येकांनी गाव सोडलंच. उरलेल्यांनी शेतीऐवजी गुरांवर भर दिला. तिथली १८९०च्या दशकातली दगडी घरं गुरांच्याच पैशातली.