मुलाखतीचे बूट, पट्टा आणि घड्याळ

आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. पुरुषांच्या बूट-पट्ट्यावर बचत गटाच्या ताईनं काय बोलायचं? पण लेकाची किंवा नवऱ्याची नोकरीची मुलाखत ठरली की पैशाची जुळवाजुळव बहुतेक घरांत बाईच करते. डाळिंबाचे पैसे हातात आलेले नसतात, मग गटातून अंतर्गत कर्ज उचललं जातं. त्यातून पँट-शर्ट होतो, आणि उरलेले पैसे दुकानदार दाखवेल त्या चकचकीत घड्याळात जातात. बूट मात्र जुनेच राहतात. हप्ता आपण फेडणार, तर पैसा आधी कुठं घालायचा हे आपल्याला कळायला हवं.

पहिला पैसा बुटाला. साधे, चामड्याचे, काळे बूट घ्या. काळा बूट काळ्या, राखाडी, निळ्या अशा कुठल्याही पँटवर चालतो. तपकिरी बूट निळ्या किंवा राखाडी पँटवर शोभतो, काळ्या पँटवर तितका नाही. म्हणून एकच जोड घ्यायचा असेल तर काळा. खरेदीला संध्याकाळी जा, कारण दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात. सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी चावतो. मोजे घालूनच माप बघा. आणि नवा बूट मुलाखतीच्या आधी चार-पाच दिवस घरात घालून फिरायला सांगा.

दुसरा पैसा पट्ट्याला. नियम सोपा आहे : बुटाचा रंग तोच पट्ट्याचा रंग. पँटच्या कमरेपेक्षा दोन इंच मोठा पट्टा घ्या, म्हणजे तो मधल्या भोकात बसतो आणि टोक लोंबत नाही. बक्कल लहान आणि साधं असावं. पट्टा उलटा करून बघा. मागं विणलेलं कापड दिसलं तर ते रेक्झिन असतं. ते भोकांपाशी लवकर तडकतं.

तिसरी गोष्ट मोजे. हे स्वस्त असतात, पण सगळे विसरतात. मोज्याचा रंग पँटला जुळवायचा. शाळेचे पांढरे मोजे नकोत. मोजे पोटरीपर्यंत यावेत, कारण खुर्चीत बसल्यावर पँट वर सरकते आणि पाय उघडा दिसतो.

घड्याळ घरात असेल तेच चालेल. वडिलांचं जुनं स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ असेल तर फारच छान. ते कुठल्याही बुटाबरोबर जातं. चामडी पट्टा असेल तर तो बुटाच्या रंगाचा हवा. आणि धातू एकच ठेवा. घड्याळ चंदेरी असेल तर बक्कलही चंदेरी. सोनेरी कडं, गळ्यातली जाड साखळी, तीन-तीन अंगठ्या त्या दिवशी घरी राहू द्या. मनगटावर देवाचा धागा असेल तर तो काढायची गरज नाही. पूर्ण बाहीचा शर्ट असला की तो झाकला जातो.

टाय लागतोच असं नाही. कोट नसेल आणि मागितला नसेल तर आपल्याकडच्या उन्हात टायशिवाय नीट इन केलेला शर्ट पुरे. टाय घातलाच तर त्याचं टोक पट्ट्याच्या बक्कलापर्यंत यावं. खिशात एक पेन, एक धुतलेला रुमाल. पाकिटातल्या जुन्या पावत्या काढून टाका, खिसा फुगलेला दिसत नाही.

आता आपल्या भागाची अडचण, म्हणजे फुफाटा. वाडीवरून मोटरसायकलीवर सांगोल्याला आणि तिथून एसटीनं सोलापूरला जाईपर्यंत बुटाचा रंग ओळखू येत नाही. म्हणून प्रवासात चप्पल घालावी, बूट पिशवीत न्यावेत, सोबत एक फडकं ठेवावं आणि स्टँडवर उतरल्यावर बदलावेत.

साखरपुडा, वास्तुशांत, सत्कार अशा वेळी कुर्ता आणि जाकीट घालणार असतील तर बूट नकोतच. तिथं कोल्हापुरी चप्पल शोभते. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत, आणि आपला सोलापूर त्यातला एक आहे. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा कंपनीनं पुरुषांच्या कपड्यांच्या शोमध्ये अगदी तशाच चपला दाखवल्या. कारागिरांचं नाव नाही म्हणून आपल्याकडं ओरड झाली, तेव्हा कंपनीला मान्य करावं लागलं की कल्पना भारतातली आहे. तेव्हा ही चप्पल घालायला लाजू नये. घ्यायची तर शक्यतो बनवणाऱ्याकडून घ्या. फक्त ती पावसात घालू नका. भिजलीच तर सावलीत वाळवा, उन्हात चामडं आकसतं.

थोडक्यात क्रम असा : आधी बूट, मग पट्टा, मग मोजे. घड्याळ घरातलं, टाय गरज असेल तरच. एवढ्यावर थांबलात तर कर्जाची रक्कमही लहान राहते.

आणि शेवटचं सांगते. पैसे आपण जमवले, वस्तू आपण निवडल्या, पण बुटाला पॉलिश लेकानंच करावं. ओल्या फडक्यानं धूळ पुसायची, वाळू द्यायचं, थोडं पॉलिश लावायचं आणि ब्रश मारायचा. दहा मिनिटांचं काम आहे. नोकरी लागल्यावर रोज सकाळी ते त्यालाच करायचं आहे.