करकोच्याचा एक पाय
(लेखमाला : गोष्टींच्या पोथ्या – लेखांक ६)

भोर तालुक्यातल्या आंबवड्याला नागेश्वराच्या दर्शनाला जाणारा माणूस सहसा झुलत्या पुलाचा फोटो काढतो आणि परततो. याच गावात कान्होजी जेध्यांची समाधी आहे, जिवा महालांचीही आहे. १० नोव्हेंबर १६५९ ही तारीख विचारली तर पुष्कळांना डोकं खाजवावं लागेल. पण ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ हे भोरकडच्या शेंबड्या पोरालाही येतं. अफझलखान-भेटीत शिवाजीराजांवर सय्यद बंडाचा उगारलेला हात, मधे पडलेला जिवा, सगळं त्या पाच शब्दांना चिकटून आलंय.

एका वाक्यावर गोष्ट तगते, हे इटलीतल्या कथाकारांना चांगलं ठाऊक होतं. तेराव्या शतकाच्या अखेरीस तिथे ‘नोवेल्लीनो’ नावाचा संग्रह झाला. कर्ता अज्ञात, गोष्टी शंभराच्या आसपास, बऱ्याचशा पाचपंधरा ओळींच्या. त्यांतल्या कितीतरी एखाद्या हजरजबाबी उत्तरासाठीच सांगितलेल्या. पुढे बोकाचोने ‘डेकॅमेरॉन’मधला अख्खा सहावा दिवस अशा उत्तरांना दिला. गेल्या आठवड्यात आपण १३४८ च्या प्लेगातून फ्लॉरेन्सबाहेर पडलेली ती दहा माणसं पाहिली. सात बायका, तीन पुरुष. त्यांनीच सांगितलेली ही एक गोष्ट.

किकिबिओ नावाचा व्हेनिसचा आचारी. मालकाने शिकारीतला करकोचा भाजायला दिलेला. खमंग वास सुटतो, तशी त्याची लाडकी ब्रुनेत्ता येते आणि तंगडी मागते. हा नाही म्हणतो, ती रुसते, मग हा देतो. पंगतीत पाहुण्यांसमोर एकच तंगडी! मालक विचारतो, तर हा म्हणतो, करकोच्याला एकच पाय असतो. ‘सकाळी दाखव, नाहीतर बघ,’ मालकाचा दम. दुसऱ्या दिवशी घोड्यावरून नदीकडे जाताना आचाऱ्याची अशी तंतरते, की जिकडेतिकडे त्याला दोन पायांवर उभे करकोचेच दिसतात. काठावर खरे करकोचे मात्र झोपेत, एका पायावर. मालक ‘हो हो’ करून ओरडतो. पक्षी दुसरा पाय टेकवतात आणि पळतात. ‘आता काय म्हणतोस?’ आचारी म्हणतो, ‘धनी, कालच्याला तुम्ही कुठे ओरडलात? ओरडला असतात तर त्यानेही दुसरा पाय काढला असता.’

मालक हसला, आचारी वाचला. बिरबलाच्या नावावर सहज खपेल अशी गोष्ट. पण नुसतं उत्तरच सांगायचं तर दहा ओळी पुरल्या असत्या. तो वास, तो रुसवा, ती घोड्यावरची भीती ही बोकाचोची कमाई.

आपल्याकडे ‘नोवेल्लीनो’च्याच सुमाराची पोथी आहे, केसोबासांचा ‘दृष्टांतपाठ’. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी सांगितलेले ११४ दृष्टांत त्यांनी जमवले. आधी सूत्र, मग दृष्टांत, मग त्याचा अर्थ उलगडणारं दार्ष्टान्तिक. हत्ती चाचपडणारे जन्मांध त्यात आहेत. इटालियन कथेला हसवून सुटता येतं. इथली गोष्ट तत्त्वाच्या कामाला जुंपलेली. तरी ती सांगायची ढब अगदी ओट्यावरची आहे.

आणि भाषा! केसोबास संस्कृतचे पंडित. त्यांना संस्कृतात प्रकरणं रचायची होती. पंथाचे प्रमुख नागदेवाचार्य यांनी अडवलं : माझ्या म्हाताऱ्या त्याला मुकतील. ही आठवण ‘स्मृतिस्थळा’त आहे. अर्धंअधिक शतक उलटल्यावर बोकाचोने आपलं पुस्तक घरात कोंडल्या गेलेल्या, मन रमवायला काही नसलेल्या स्त्रियांना अर्पण केलं आणि फ्लॉरेन्सच्या बोलीत लिहिलं. टीका झाली, तेव्हा चौथ्या दिवसाच्या सुरुवातीला त्याने तिला तोंडही दिलं. मला विचाराल तर नागदेवाचार्यांचं ते कारण बोकाचोच्या अर्पणापेक्षा भारी आहे. त्यात विद्वानाला गप्प बसवायची हिंमत आहे.

पुढची वाट मात्र उलटी गेली. बोकाचोचा मित्र पेत्रार्क याने ‘डेकॅमेरॉन’ची शेवटची गोष्ट, ग्रिसेल्डाची, लॅटिनमध्ये नेली आणि तिथून ती इंग्लंडच्या चॉसरपर्यंत पोचली. महानुभावांच्या पोथ्या सांकेतिक लिपीत बंद राहिल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासकार राजवाड्यांनी ती लिपी उलगडेपर्यंत बाहेरच्या मराठी वाचकाला त्यांचा पत्ता नव्हता.

‘दृष्टांतपाठ’ हाती आला, तर सूत्र आणि दार्ष्टान्तिक बाजूला ठेवा. मधली गोष्ट आधी वाचा, तीही मोठ्याने.