पस्तीस मिलिमीटरचा आटा

पॅरिसच्या वायव्येला, शहराला चिकटून, लव्हालवा-पेरे नावाचं उपनगर आहे. सीनच्या काठचं हे गाव एकेकाळी कामगारांचं आणि कारखान्यांचं होतं. सित्रोएनची टू-सीव्ही मोटार वर्षानुवर्षं इथेच तयार झाली. 1938 साली अ‍ॅलेक्स सिंगर यांनी इथे सायकलींचं दुकान थाटलं. दोन वर्षांनी, ऐन युद्धाच्या धामधुमीत, रेने एर्स यांनीही इथेच बस्तान बसवलं. एर्स आधी विमानांच्या प्रायोगिक नमुन्यांवर काम करत. ड्युरॅल्युमिनसारखा हलका मिश्रधातू कुठे किती ताण सोसतो, हे ज्ञान त्यांनी तिथून आणलं होतं. जुन्या फ्रेंच प्रवासी सायकलींचा विषय निघाला की जगभरच्या जाणकारांच्या तोंडी आधी ही दोन नावं येतात, आणि ते रास्तच आहे.

पण ही सायकल जन्मली मध्य फ्रान्समधल्या सेंत-एतिएन गावी. शर्यतीसाठी सायकल चालवायची की प्रदेश पाहण्यासाठी, हा वाद तिथे पॉल द व्हिव्ही या रेशमाच्या व्यापाऱ्याने पेटवला. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने तो लिहीत असे. 1887 पासून त्याने ‘ल सिक्लिस्त’ हे मासिक चालवलं आणि एकाच सायकलीला अनेक गिअर असावेत, हे त्यात पुनःपुन्हा मांडलं. गावाबाहेरच ग्राँ ब्वा हा 1161 मीटर उंचीचा घाट आहे. तो सामानासकट चढून जाणाऱ्या साध्या माणसाचं त्याला पडलं होतं. शर्यतीच्या जगाला हे पटायला फार वेळ लागला. तूर द फ्रान्सने गिअर बदलणाऱ्या डिरेलरला 1937 साली परवानगी दिली, तोवर व्हेलोसिओ जाऊन सात वर्षं झाली होती.

1936 साली लेआँ ब्लूम यांच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा दिली. ज्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता अशी कुटुंबं सायकलींवर आणि टँडेमवर सामान लादून निघाली. त्याच सुमारास कारागिरांच्या स्पर्धाही रंगत होत्या. मडगार्ड, दिवे, कॅरियर अशा सगळ्या साजासकट सायकल हलकी असली पाहिजे, आणि डोंगरातल्या खडबडीत रस्त्यांवरून शेकडो किलोमीटर नेल्यावरही तिचा एकही भाग तुटता कामा नये, अशी अट असे. वाटेत काही सैल झालं तरी गुण कापले जात. या स्पर्धांतल्या उत्तम सायकली सगळ्या साजासह आठ किलोंच्या आसपास भरत. आज कार्बन फायबरच्या सायकलीवर दिवे, कॅरियर, मडगार्ड चढवून कुणी तेवढं वजन साधून दाखवावं.

त्या सायकली इतक्या हलक्या होण्याचं कारण उघड आहे. तिथे कॅरियर बाजारातून आणून क्लॅम्पने आवळलेलं नसे. बारीक पोलादी नळ्या वाकवून, झाळून, ते त्या एका फ्रेमच्या मापाने केलेलं असे आणि फोर्कवर झाळलेल्या बुंध्यांना थेट बोल्टने जोडलेलं असे. मडगार्डची वक्ररेषा टायरशी शेवटपर्यंत समांतर. दिव्याची तार फ्रेमच्या नळ्यांतून आत गेलेली. आता फ्रेम जागेवर असते आणि पुढचा फोर्क वळत राहतो, त्यामुळे तिथे तार पिळून तुटणार. एर्स यांच्या काही सायकलींत त्यासाठी कार्बनचा छोटा ब्रश बसवलेला असतो. वळणाऱ्या नळीला टेकून तो वीज फ्रेममधून फोर्कमध्ये पोचवतो. ज्याला हे माहीत नाही तो सायकल उघडताना फोर्क सरळ खाली ओढतो आणि साठ-सत्तर वर्षं टिकलेला ब्रश क्षणात मोडून बसतो.

अर्थात एर्स किंवा सिंगर यांची सायकल सगळ्यांच्या नशिबी येत नाही. डागडुजीला येतात त्या बहुतेक कारखान्यांतल्या: पूजो, मोटोबेकान, जिटान, मर्सिए. 1970 नंतरची चार-पाच वर्षं अमेरिकेत सायकलींचं जे वेड आलं, त्यात या सायकली जहाजं भरभरून तिकडे गेल्या आणि मग गॅरेजांत धूळ खात पडल्या. त्यांच्यावरही लव्हालवाच्या कारागिरांची छाप स्पष्ट दिसते. ब्रेक क्लेरमाँ-फेराँच्या माफाकचे, क्रँक स्ट्राँगलाइटची किंवा टीएची, डिरेलर दिजाँच्या सिम्प्लेक्सचा नाहीतर ह्युरेचा, आणि महागड्या मॉडेलांना रेनल्ड्स 531 च्या नळ्या. रेनल्ड्सच्या नळ्या तेवढ्या इंग्लिश; बाकी प्रत्येक भाग फ्रेंच आणि प्रत्येक भागाचं मापही फ्रेंच.

खरी कसोटी इथेच आहे. आपल्याकडच्या काळ्या रोडस्टरचा घाट इंग्लंडहून आला, इंचाची मापंही त्याच वाटेने आली. फ्रेंचांनी सगळं मिलिमीटरमध्ये केलं. क्रँकचा दांडा ज्यात फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटचे फ्रेंच आटे 35 मिलिमीटर व्यासाचे, दोन आट्यांतलं अंतर 1 मिलिमीटर. इंग्लिश आटे 1.37 इंचांचे, म्हणजे 34.8 मिलिमीटर, इंचाला 24. भागाकार करून पाहा: इंग्लिश आट्यांतलं अंतर 1.058 मिलिमीटर येतं. एका आट्याला हा फरक जाणवतही नाही. दहाव्या आट्यापर्यंत तो अर्ध्या मिलिमीटरच्या वर जातो. म्हणून बेअरिंग धरणारा इंग्लिश कप फ्रेंच शेलमध्ये, म्हणजे फ्रेममधल्या आट्यांच्या नळीत, दोन-तीन फेरे लागतो, नवख्याला वाटतं बसला, मग अडतो. पुढे जोर लावला की आटे गेलेच. फ्री-व्हीलची हीच गत: फ्रेंच 34.7 बाय 1, इंग्लिश 34.8 आणि इंचाला 24. हब अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि फ्री-व्हील पोलादी, तेव्हा यात कोण मरतं हे सांगायला नको. हँडलच्या स्टेमला 22.2 ऐवजी 22.0 मिलिमीटर. पॅडलला 14 बाय 1.25. सीटपोस्ट बऱ्याचदा 26.4, हल्ली सर्रास मिळणारा 27.2 चा तिथे आत जाणारच नाही.

म्हणून अशी सायकल हाती आली की आधी व्हर्नियर कॅलिपर घ्यावा, पाने नंतर. सगळी मापं वहीत उतरवून ठेवावीत, कुठला वॉशर कुठल्या बाजूचा होता हेसुद्धा. पॅडलवर ‘डी’ आणि ‘जी’ अशी अक्षरं कोरलेली असतात. ‘डी’ उजवं, ‘जी’ डावं.

बॉटम ब्रॅकेटच्या उजव्या कपाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण अर्ध्याअधिक फ्रेमी तिथे खराब होतात. इंग्लिश पद्धतीत हा कप उलट्या आट्यांचा असतो. फ्रेंच पद्धतीत दोन्ही बाजूंना सुलटेच आटे. पॅडल मारताना बेअरिंगमधून जो फिरता दाब येतो तो उजवा सुलटा कप हळूहळू सैल करत नेतो. हा दोष झाकायला कारखान्यांनी तो कप जिवाच्या आकांताने आवळून बसवला. त्याला पाना लावायला जेमतेम दोन सपाट कडा असतात, त्यावरून पाना घसरतो आणि कडा गोल होतात. स्विस पद्धतीचं मापही 35 बाय 1 च आहे, पण उजवा कप उलटा. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मोटोबेकानने तेच वापरलं. डावा कप दोन्हींत सारखाच, त्यामुळे त्याच्याकडे पाहून काही कळत नाही. आधी आट्यांत झिरपणारं तेल सोडून रात्रभर ठेवावं. मग बेताचा जोर आधी एका दिशेला, मग दुसऱ्या दिशेला लावून पाहावा.

हा कप काढायची जी युक्ती जगभर रूढ झाली ती मॅसॅच्युसेट्सच्या शेल्डन ब्राउन या मेकॅनिकमुळे. 2008 साली तो वारला, पण जुन्या सायकलींवर काम करणारा प्रत्येक जण त्याचा ऋणी आहे. महागडं हत्यार लागत नाही: एक जाड बोल्ट, एक नट, काही वॉशर. बोल्ट कपाच्या भोकातून घालायचा, दोन्हीकडून वॉशर लावून कप त्यांच्यात करकचून पकडायचा आणि बोल्ट आवळायच्याच दिशेने पिळत राहायचं. बोल्ट आणखी आवळला जायची जागा उरली नाही की कपच फिरू लागतो. इंग्लिश कप उजव्या बाजूने, बाहेरून पिळता येतो. फ्रेंच कपाचे आटे सुलटे, म्हणून बोल्टचं डोकं आत ठेवून पाना डावीकडून, शेलच्या पोकळीतून घालावा लागतो. तेव्हाच आवळण्याची आणि सुटण्याची दिशा एक होते. कप सुटतो तो एकदम, ‘टक्’ असा आवाज करून. आतलं ग्रीस लाखेसारखं कडक झालेलं असतं. रॉकेलमध्ये धुतल्यावर छर्र्यांची वाट गुळगुळीत दिसली तर तोच कप परत बसवावा. नवे छर्रे आणि ताजं ग्रीस एवढंच पुरतं. वाट खड्डेदार असेल तर फ्रेंच आट्यांचे नवे कपही मिळतात. फ्रेमला इंग्लिश आटे पाडून घेण्याचा सल्ला देणारे भेटतील, पण 35 मिलिमीटरच्या भोकात 34.8 चे आटे कुठून पडणार?

पॅडलचं मात्र वेगळं. 14 मिलिमीटरचं भोक 9/16 इंचाच्या, म्हणजे सुमारे 14.3 मिलिमीटरच्या टॅपने वाढवता येतं आणि मग कुठलंही पॅडल चालतं. कारखान्यातल्या सायकलीला हे करायला माझी हरकत नाही. एर्सच्या क्रँकला कुणी टॅप लावू नये. त्याच न्यायाने 22.2 चा नवा स्टेम पॉलिश पेपरने घासून 22.0 वर आणणं रास्त आहे, कारण झिजवला तो नवा भाग, जुना नाही. जुना अ‍ॅल्युमिनियमचा स्टेम राखायचा असेल तर खालच्या फटीच्या टोकाशी भिंगातून पाहावं. तिथे केसाएवढी चीर दिसली तर तो स्टेम वापरातून बाद. हँडल हातात सुटून आलं तर माणूस तोंडावर पडतो, तिथे जुनेपणाचं प्रेम चालणार नाही.

सिम्प्लेक्सच्या डिरेलरबद्दलही मी असंच कठोर आहे. लूसियाँ झ्युई यांची ही कंपनी 1928 पासूनची. साठच्या दशकात त्यांनी डिरेलर डेलरिन या प्लास्टिकचे केले. हलके, गंज न धरणारे. पण वय झालं की तडकतात. त्यांच्या जागी धातूचा लावायचा तर पुन्हा अडचण: सिम्प्लेक्सच्या ड्रॉपआउटमधलं, म्हणजे फ्रेमच्या ज्या टोकात मागचं चाक बसतं तिथलं, भोक बिनआट्याचं असतं आणि डिरेलर टेकायला खाचही नसते. तिथे 10 बाय 1 चा टॅप मारून कानशीने खाच करावी लागते. एवढी शस्त्रक्रिया करण्याआधी धातूचा जुना सिम्प्लेक्स मिळतो का, हे धीराने शोधावं.

माफाकचे ब्रेक मात्र निष्ठेने जपावेत. मधल्या छोट्या तारेला वरून ओढून दोन्ही हात आत येतात, ही त्यांची रचना. उघडून घासलं, हातांच्या आसाला ग्रीस लावलं की ते पुन्हा कामाला लागतात. रबर दगडासारखं झालेलं असतं, ते बदलावंच. पॅडचं पुढचं टोक रिमला आधी टेकेल असा कोन द्यावा, म्हणजे ब्रेक किंचाळत नाहीत. ती सोय त्या ब्रेकमध्ये मुळातच आहे.

रंगाचा प्रश्न सगळ्यांना पडतो आणि बहुतेकांचं उत्तर चुकतं. फ्रेम खरवडून पावडर कोटिंगला देणं सोपं आहे. त्या जाड थराखाली नळ्या जोडणाऱ्या लगच्या कानशीने कोरलेल्या कडा बुजतात, हाताने ओढलेल्या सोनेरी रेषा कायमच्या जातात, आणि कुठल्या कारागिराचा हात होता हे ओळखायची खूणच राहत नाही. साबणपाणी, मऊ फडकं, मेण. उघड्या पडलेल्या जागी गंज काढून रंगाचा बारीक ठिपका. गंज फार असेल तर ऑक्झॅलिक आम्लाचं पातळ द्रावण, हातमोजे घालून, अ‍ॅल्युमिनियमचे भाग आधी काढून. क्रोमवरचा गंज पाणी लावून अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलने घासला तरी जातो. मडगार्ड बसवताना फ्रेम आणि मडगार्ड यांच्यामध्ये चामड्याचा वॉशर ठेवावा आणि बोल्ट आवळण्याआधी मडगार्ड आपोआप जागेवर बसतं का ते पाहावं. ताणून बसवलेलं मडगार्ड आज ना उद्या बोल्टच्या भोकाशी चिरतं. एखादा भाग मुळात कसा होता हे कळेनासं झालं तर दानिएल रबूर यांची रेखाचित्रं पाहावीत. त्या काळच्या सायकल-नियतकालिकांत त्यांनी प्रत्येक स्क्रू दिसेल अशा नेमकेपणाने हे भाग रेखाटून ठेवले आहेत.

या सायकलींची कदर फ्रान्सबाहेर सर्वांत आधी आणि सर्वांत मनापासून केली जपान्यांनी. तिथल्या तोएईसारख्या कारागिरांनी एर्स आणि सिंगर यांचा अभ्यास करून त्याच धर्तीच्या सायकली बांधल्या. क्योटोतल्या एका दुकानाने जुन्या मापाचे टायर नव्याने काढले आणि त्यांना नाव दिलं ग्राँ ब्वा, व्हेलोसिओच्या घाटाचं. या परंपरेची एक शाखा महाराष्ट्रातही पोचली आहे. पुणे, मुंबई, नाशिकचे सायकलपटू 200, 300, 400, 600 किलोमीटरच्या ज्या बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या राइड, करतात, त्यांना मान्यता देणारा ऑदाक्स क्लब पारिझियँ 1904 सालचा. त्या राइड पुऱ्या करून जे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला जातात, ते 1200 किलोमीटर 90 तासांत जातात. लव्हालवाच्या कारागिरांनी सायकली बांधल्या त्या याच अंतरासाठी, याच रात्रींसाठी. पुढच्या छोट्या कॅरियरवरची पिशवी, डायनॅमोवरचा दिवा, रुंद टायर, हा सगळा साज त्यातूनच ठरला.

टायरचं माप बऱ्याचदा 650बी, रिमवर जिथे टायर बसतो तिथला व्यास 584 मिलिमीटर. हे माप जवळजवळ संपल्यात जमा होतं. मग माउंटन बाइकवाल्यांनी ते 27.5 इंची म्हणून उचललं, आणि आता त्या व्यासाचा टायर आपल्याकडच्या दुकानांतही दिसतो. मात्र तो इतका जाड असतो की जुन्या फ्रेमच्या मडगार्डखाली मावत नाही. 38 ते 42 मिलिमीटर रुंदीचा, गुळगुळीत, लवचिक बाजूंचा टायर मागवावा आणि हवा बेताची भरावी. कडक टायर वेगवान असतो हा समज व्हेलोसिओच्या अनुयायांनी कधीच मोडीत काढला होता.

सायकल उभी राहिली की पहिल्या फेरीला पुढची पिशवी रिकामी ठेवू नये. फोर्कचा बाक आणि हेड ट्यूबचा कोन पुढच्या दोन-तीन किलो वजनाचा हिशेब धरून ठरवलेले असतात. ओझ्याशिवाय ती सायकल कशी वळते यावरून तिची पारख होत नाही. चार-पाच पुस्तकं टाकली तरी चालेल. पंचवीस-तीस किलोमीटर जाऊन आल्यावर क्रँकचे बोल्ट पुन्हा आवळावेत, आरे तपासावेत, आणि त्या उजव्या कपावर आधीच मारून ठेवलेली पेन्सिलची खूण जागची हलली आहे का ते पाहावं.