किनारा दिसतो, उतरता येत नाही

मुंबईच्या गोदीतून दुपारी उशिरा सुटलेली क्रूझबोट दिवेलागणीला खांदेरीसमोर येते आणि प्रवाशांची जेवणं आटोपेपर्यंत बाणकोटची खाडीही मागे टाकते. थळ, अलिबाग, रेवदंडा, कोर्लई, मुरुड, दिघी, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर असा रायगडचा अवघा किनारा चार-पाच तासांत सरतो. डेकवर उभं राहिलं तर डाव्या हाताला दिव्यांची विरळ ओळ दिसते. यांतल्या एकाही गावी ही बोट थांबत नाही. आपल्या आजी-आजोबांची आगबोट मात्र थांबायची, आणि तो थांबाच तिच्या प्रवासातला सगळ्यांत भीतीचा भाग असायचा. या दोन बोटींच्या मधल्या काळात कोकणच्या प्रवाशाने काय कमावलं आणि काय गमावलं, हे मला तपासून पाहायचं आहे.

रायगड तेव्हा कुलाबा जिल्हा होता. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये मुंबई-धरमतर आगबोटीची नोंद आहे. उलवा, मोरा, करंजा, रेवस असे थांबे घेत ती अंबा नदीच्या मुखातून धरमतरला लागे आणि तिथून पेणकडे जाणारा माणूस बैलगाडी धरे. या फेऱ्या शेफर्ड कंपनीच्या. पुढे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी सगळ्या किनाऱ्यावर चालू लागल्या, तरी कोकणातली जुनी माणसं कितीतरी वर्षं त्यांना शेफर्डच्याच बोटी म्हणत. स्वदेशीच्या चळवळीत हिंदी लोकांनी भांडवल जमवून सहकारी तत्त्वावर दुसरी कंपनी उभी केली. तिच्या बोटींना संतांची नावं दिली होती, आणि लोक तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. तिकिटाच्या पैशांइतकाच तिथे आपलेपणाचाही हिशेब होता.

माझ्या आजीचं माहेर श्रीवर्धनचं. तिच्या सांगण्यात बोटीचा प्रवास कधी नुसता चांगला किंवा नुसता वाईट नसे. भाऊच्या धक्क्यावर पहाटेपासून गर्दी. फळी लागली की पुरुषांनी पुढे धावून डेकवर वळकटी अंथरायची, म्हणजे जागा धरली गेली. मग ट्रंका, करंड्या, आंब्याच्या मोसमात पेट्या, कोंबड्या, पोरंबाळं. एकदा जागा मिळाली की त्या डेकवर गाव वसायचं. डबे उघडले जात, लग्नं ठरत, मुंबईच्या गिरणीत कुणाला काम लागलं आणि कुणाचं सुटलं त्याच्या बातम्या मिळत. आणि मग बोट लागायची. लिंबू चोखा, आमसूल तोंडात धरा, क्षितिजाकडे बघा, सगळे उपाय करून झाले तरी खालच्या डेकवरच्या वासाने धडधाकट माणूसही आडवा होई. एंजिनाची धग, कोळशाची काजळी, पिण्याच्या पाण्यासाठी रांग. वरच्या वर्गाचं तिकीट परवडणाऱ्यांना वारा मिळायचा, बाकीच्यांना धूर.

पण आजीला भीती होती ती उतरण्याची. कोकणातल्या बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा बांध असतो. नदीचा गाळ आणि समुद्राची लाट यांच्या भांडणातून तो तयार होतो, आणि दरवर्षी थोडा सरकतो. त्यामुळे मोठी बोट आत येऊ शकत नसे. ती बाहेर खोल पाण्यात नांगर टाकी, भोंगा वाजवी, आणि किनाऱ्यावरून मचवे, पडाव वल्हवत तिच्या कुशीला येत. बोट वर जाते तेव्हा मचवा खाली, मचवा वर येतो तेव्हा बोट खाली. दोन्ही एका पातळीला येण्याचा नेमका क्षण साधून खलाशी बाईमाणसाला दंडाला धरून अक्षरशः उचलून घेत, मूल एका हातातून दुसऱ्या हातात जाई, ट्रंक मागून येई. रात्रीच्या वेळी हे सगळं कंदिलाच्या उजेडात चाले. तिथून पडाव किनाऱ्याला लागला तरी ओहोटी असली तर गुडघाभर चिखल तुडवायचा. या कामातलं कसब तांडेलांचं आणि खलाशांचं. त्यांच्या जिवावर कंपन्यांनी दशकानुदशकं धंदा केला आणि त्या बदल्यात धक्के बांधले ते फार थोडे.

पावसाळ्यात हा व्यवहार बंद असे, पण मुंबई बंदराजवळच्या छोट्या फेऱ्या चालू राहत. १७ जुलै १९४७ ला सकाळी ‘रामदास’ भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली ती अशाच एका फेरीवर. आषाढ अमावास्या, म्हणजे गटारी होती. मुंबईत राबणारी कुलाब्याची माणसं घरी सणाला निघाली होती. समुद्र खवळलेला. रेवसच्या वाटेवर, काशाच्या खडकाजवळ मोठी लाट बोटीवर आली. आत आलेल्या पाण्याला घाबरून माणसं एका बाजूला धावली, बोट कलली आणि काही मिनिटांत बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे मुंबईच्या इतक्या जवळ एवढा अनर्थ घडूनही शहराला त्याचा पत्ता लागायला कित्येक तास गेले. रेवसचे कोळी मासळी घेऊन मुंबईला निघाले होते. त्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात फेकून दिली आणि त्या जागी बुडणारी माणसं भरली. वाचलेल्यांतले बरेच जण त्या होड्यांमुळे वाचले. पुढे कितीतरी दिवस अलिबागच्या बाजूच्या किनाऱ्यांवर प्रेतं लागत होती.

‘रामदास’ ज्या ‘माझी आगबोट कंपनी’ची होती, तिच्याच ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी ११ नोव्हेंबर १९२७ ला, एकाच दिवशी, एकाच वादळात बुडाल्या होत्या. म्हणजे ‘रामदास’च्या वेळी वीस वर्षांचा धडा समोर होता. बोटींवर बिनतारी यंत्रणेची सक्ती झाली ती ‘रामदास’नंतर. रायगडच्या कितीतरी घरांत आजही गटारीच्या आधी समुद्राने जाणाऱ्याला थांबवलं जातं. त्या घरांना त्यासाठी सरकारी परिपत्रक लागत नाही.

तरीही लोक बोटीने जात राहिले, कारण दुसरी वाट नव्हती. घाट-खाड्यांमुळे रस्ता तुटक होता. पुढे चौगुले कंपनीच्या बोटी आल्या. १९७३ साली संसदेने कोकणच्या प्रवासी जहाजांसाठी खास कायदा करून ती ताब्यात घेतली, मग मोगल लाइन कंपनीने ती चालवली. ‘कोकणसेवक’ आणि ‘कोकणशक्ती’ ही नावं आज साठीत असलेल्या माणसापुढे घेतली तर त्याचा चेहरा उजळतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही सेवा संपली. महामार्गावर एसटी आणि खासगी गाड्या होत्याच. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. पण रेल्वेने किनाऱ्याला वळसा घातला. रोहा किंवा माणगावला उतरून श्रीवर्धन गाठायचं तर पुढे दोन तासांची घाटाची वाट असते. बोट गेली त्याचं सर्वांत मोठं नुकसान या दक्षिण रायगडच्या पट्ट्याचं झालं, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली.

समुद्रावरचा प्रवास परत आला तो हौसेच्या रूपाने. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली. जपानमध्ये बांधलेली ही बोट कान्होजी आंग्ऱ्यांचं नाव घेऊन त्यांच्याच कुलाब्यासमोरून रात्री जायची. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली. त्यानंतर त्याहून कितीतरी मोठ्या क्रूझबोटी मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपच्या फेऱ्या करू लागल्या. अशाच एका लांबच्या फेरीला मी गेले.

सांगण्यासारखं चांगलं पुष्कळ आहे. आजीने ज्या पाण्यात लिंबू चोखत रात्र काढली, त्याच पाण्यावर मी स्वच्छ पांघरुणात झोपले. मोठ्या बोटींना पाण्याखाली दोन्ही अंगांना पंखांसारखी पाती असतात. ती हेलकाव्याच्या उलट वळतात आणि डोलणं कमी करतात. त्यामुळे माझ्याबरोबरच्या वयस्कर बायकांनाही बोट लागली नाही. सुटण्यापूर्वी प्रत्येक प्रवाशाला जमण्याची जागा दाखवून जीवरक्षक जाकीट कसं घालायचं ते शिकवलं गेलं. कंटाळलेल्या माणसांकडे पाहून मला राग आला. या दहा मिनिटांच्या कवायतीची किंमत रेवसच्या माणसांना विचारावी. गुडघेदुखीमुळे प्रवासच सोडलेल्या कितीतरी जणांना खोली न बदलता, सामान न बांधता नवी गावं बघता आली, याचंही मोल मोठं आहे.

जेवण वाढणाऱ्यांत एक मुलगा म्हसळ्याकडचा निघाला. “ताई, तुम्ही आमच्याकडच्या?” म्हणत तो दोन मिनिटं थांबला. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड या पट्ट्यातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या विलायती कंपन्यांच्या जहाजांवर सारंग, खलाशी, भंडारी म्हणून गेले. त्यांच्या पैशांवर इथली घरं, शाळा, मशिदी उभ्या राहिल्या. त्याचे आजोबाही त्यांतलेच. त्या रात्री त्याचं गाव आमच्या डावीकडे काही मैलांवर होतं आणि त्याला घरी जायला अजून कितीतरी महिने होते.

नाराजीचं कारण बोट नव्हती. धक्क्यावर आमचे तास गेले. तपासणी, रांग, पुन्हा रांग. बसायला पुरेशी जागा नाही, सामानाबद्दल एकाने एक सांगायचं आणि दुसऱ्याने दुसरंच. पुढच्या एका बंदरात हवा बिघडल्याचं सांगून उतरणंच रद्द झालं. हवेचा निर्णय कप्तानाचा, तो मानलाच पाहिजे. पण पर्याय काय, पैशांचं काय, हे सांगायला कुणी पुढे आलं नाही. बिनखिडकीच्या खोलीत दिवस आहे की रात्र ते कळत नसे. आणि सगळ्यांत जास्त खटकलं ते हे की, दणदणाट करणारं संगीत चालू असताना बाहेर खांदेरीचा दिवा फिरत होता आणि तो कशाचा, हे प्रवाशांना सांगायची कुणालाही गरज वाटली नाही. १६७९ साली शिवाजी महाराजांनी इंग्रजांच्या आणि सिद्दीच्या नाकावर टिच्चून ज्या बेटावर तट बांधायला घेतला, १८६७ पासून जिथे दीपगृह उभं आहे, ते बेट समोर होतं. पुढे अंधारात पद्मदुर्ग आणि जंजिरा गेले. इतका इतिहास असलेला किनारा नुसता काळा पडदा म्हणून वापरला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

रायगडला आजच्या घडीला खरा जलप्रवास कुठे मिळतो, तर मांडव्याला. मुंबईहून रस्त्याने पेण-वडखळमार्गे शंभर किलोमीटरहून जास्त, आणि वाहतुकीने अडवलं तर अर्धा दिवस. पाण्यावरून साधारण तास. २०२० च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली. ग्रीसमध्ये बांधलेल्या या बोटीत सुमारे पाचशे माणसं आणि दीडशेच्या आसपास गाड्या जातात. लाटा अडवणारा बांध आणि चांगली जेटी आधी झाली, म्हणून ती पावसाळ्यातही चालू शकते. गेटवेहून सुटणाऱ्या लाँच आणि कॅटामरान पावसात बंद असतात, पण त्यांच्याकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे: तिकिटातच मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस असते. प्रवाशाला जेटीवर सोडून दिलं म्हणजे काम संपलं, असं ते मानत नाहीत.

रो-रो सुरू होण्याच्या आदल्याच दिवशी, १४ मार्च २०२० ला, मांडव्याजवळ एक प्रवासी बोट बुडाली. रायगड पोलिसांची ‘सद्गुरू कृपा’ ही गस्ती नौका जवळ होती, म्हणून त्यातले अठ्ठ्याऐंशी जण वाचले. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीकडे जाणाऱ्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि पंधरा माणसं गेली. घारापुरी उरण तालुक्यात, म्हणजे रायगडातच येते. त्या दिवसानंतर प्रवाशांना जीवरक्षक जाकिटं घालायला लावली जाऊ लागली. जाकीट अंगावर हवं, हा नियम करायला २०२४ उजाडावं लागलं, ही गोष्ट १९२७ आणि १९४७ च्या शेजारी ठेवून वाचावी.

२०२५ मध्ये भाऊच्या धक्क्यावरून थेट जयगड आणि विजयदुर्गपर्यंत रो-रो नेण्याची घोषणा झाली. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या माणसांसाठी ती आनंदाची आहे आणि मीही त्यात सहभागी आहे. पण मधल्या दक्षिण रायगडला हीही बोट नुसती समोरून जाताना दिसेल. राजपुरीच्या खाडीत खोल पाणी आहे, दिघीला मालवाहू जहाजं लागतात, आगरदांडा ते दिघी आणि बागमांडला ते वेश्वी अशा फेरीबोटी रोज गाड्या नेतात. म्हणजे पाणी आहे, बोटी हाताळणारी माणसं आहेत, प्रवासी तर आहेतच. गणपतीला मुंबईहून श्रीवर्धनला निघालेलं कुटुंब माणगावपर्यंतच्या कोंडीत रात्र काढतं. दिघीला प्रवासी थांबा द्यायचा तर ओहोटीलाही फळी लागेल अशी जेटी, वर छप्पर, बायकांसाठी स्वच्छतागृह, धक्क्यावर जीवरक्षक जाकिटांचा पुरेसा साठा आणि म्हसळा, श्रीवर्धन, मुरुडकडे जाणारी, बोटीची वेळ साधून सुटणारी एसटी, एवढ्या गोष्टी लागतील. यांतली एकही गोष्ट क्रूझबोटीच्या एका मजल्याच्या सजावटीइतकी अवघड नाही. मेरीटाइम बोर्डाने आणि इथल्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी पुढच्या गणपतीआधी कागदावर आणावी.