मुळाशी बसलेला राखणदार

महाड-पोलादपूरकडच्या परसात वांगी-मिरचीची चार झाडे सहसा असतातच. आदल्या संध्याकाळी टवटवीत दिसलेले वांग्याचे झाड सकाळी मान टाकते. पाणी घाला, सावली करा, ते उठत नाही. पाने हिरवीच, झाड मात्र गेलेले. ‘मर लागली’ म्हणून आपण ते उपटून बांधावर टाकतो. त्याआधी एक करून पाहा. बुडाजवळचा खोडाचा तुकडा कापून काचेच्या पेल्यात, स्वच्छ पाण्यात उभा धरा. कापातून दुधाच्या धारेसारखे धागे उतरू लागले, तर ती जिवाणूंची मर. मुळाच्या जखमेतून शिरून त्यांनी झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तुंबवलेल्या असतात. असे झाड बांधावर नको, जाळावे. पावसाचे पाणी रोग खालच्या वाफ्यात नेते.

कोकणातली आंबट तांबडी माती आणि उबदार ओल या रोगाला मानवते. शत्रू झाडाच्या आत आणि मातीत, मग वरून फवारून काय होणार? म्हणून राखणदारही मातीतच बसवावा लागतो. त्याचे नाव स्युडोमोनास फ्लुरोसन्स. गंमत अशी, की मर आणणारा जिवाणूसुद्धा १९९२ पर्यंत स्युडोमोनासच्याच घराण्यात मोजला जाई. राल्स्टोनिया हे त्याचे नाव १९९५ चे. भाऊबंदकी कोकणाला नवी नाही!

मुळे मातीत साखर पाझरवतात. मुळाभोवतीच्या या गजबजलेल्या मातीला लोरेन्झ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये वेगळे नाव दिले. राखणदार तिथे आधी पोहोचला, की जागा आणि अन्न दोन्ही अडवतो. तो रोगजंतूंना मारक द्रव्ये सोडतो, झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करतो. मातीतले लोह पळवून शत्रूला उपाशी ठेवण्याची युक्तीही त्याच्याकडे आहे. पण आपल्या आंबट जमिनीत लोहाची वाण नसते, तेव्हा इथे भिस्त बाकीच्या हत्यारांवर.

आता राबाचे. पालापाचोळा, कवळ, शेण पसरून भाताच्या रोपांची जागा भाजायची, ही आपल्याकडची जुनी रीत. त्यात तणाचे बी मरते, वरच्या थरातले रोगजंतूही. पण आग आपला-परका पाहत नाही. रिकाम्या झालेल्या घरात पहिला कोण शिरतो, यावर पुढचे ठरते. भाजलेल्या वाफ्यात मिरची-वांग्याचे बी टाकायचे असेल, तर मुरलेल्या शेणखतात राखणदार मिसळून आधी घालावा, असे मला वाटते. बियाण्याला किलोमागे १० ग्रॅम भुकटी चोळतात. लावणीआधी लिटरभर पाण्यात १० ग्रॅम कालवून रोपांची मुळे अर्धा तास बुडवतात. आले-हळदीच्या कंदकुजीवर, वालाच्या मूळकुजीवरही त्याचा उपयोग होतो.

मात्र हे औषध नव्हे. मान टाकलेले झाड तो उठवत नाही. पाणी तुंबले तर त्याचेही काही चालत नाही, कारण मूळच गुदमरते. २०२१ च्या जुलैत सावित्रीने महाड बुडवले. अशा पुरानंतर सखल वाफ्यात लगेच वांगी लावण्यापेक्षा चर काढावा आणि एक-दोन वर्षे तिथे भात किंवा नाचणी घ्यावी.

आणि पुडा घेताना तारीख पाहा. आत जीव आहेत. चुलीवरच्या फळीवर ठेवलात, तर लावणीच्या दिवशी हाती नुसती भुकटी उरेल.