सिलिंडर वाढले, फुगले नाहीत

वर्ध्यापासून सुमारे ७५ किलोमीटरवर असलेल्या नागपूरच्या विमानतळावर १९४९ पासून कित्येक वर्षे मध्यरात्री मोठी लगबग असे. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून टपालाची विमाने येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वी परतीच्या वाटेला लागत. या सेवेत डाकोटा विमाने होती. अंधारात इंजिन तापून बंद पडणे म्हणजे जिवाशी गाठ. म्हणून त्यांच्या इंजिनाची रचना समजून घेण्यासारखी आहे.

१९०३ साली राइट बंधूंच्या इंजिनाला ४ सिलिंडर होते आणि शक्ती सुमारे १२ अश्वशक्ती. डाकोटाच्या प्रत्येक 'ट्विन वास्प' इंजिनाला १४ सिलिंडर आणि शक्ती १,२०० अश्वशक्ती. शक्ती शंभरपट झाली; सिलिंडरचा व्यास मात्र सुमारे १० सेंटिमीटरवरून १४ सेंटिमीटर एवढाच झाला. असे का?

सिलिंडरची लांबी व व्यास दुप्पट केल्यास घनफळ आठपट होते, पृष्ठफळ मात्र चौपटच. इंधन घनफळाच्या प्रमाणात जळते, उष्णता बाहेर पडते ती पृष्ठभागातून. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर उष्णतेचा भार दुप्पट! दट्ट्या आणि झडपा तो सोसू शकत नाहीत. म्हणून अभियंत्यांनी सिलिंडर मोठे करण्याऐवजी त्यांची संख्या वाढवली. सात-सात सिलिंडरांची दोन चक्रे एकामागे एक बसवली. पुढच्या दोन सिलिंडरांमधील फटीतून वारा मागच्या सिलिंडरला लागतो आणि भोवतीच्या पातळ धातूच्या चकत्या पृष्ठफळ वाढवतात. शक्तीतील उरलेली वाढ झाली ती फेऱ्यांचा वेग, जादा दाबाने भरलेली हवा आणि सुधारलेले इंधन यांमुळे.

पण एका चक्रात सातच का, सहा किंवा आठ का नाहीत? हे वर्गात करून पाहावे, असे आम्ही सुचवतो. फळ्यावर वर्तुळ काढून त्यावर १ ते ७ आकडे लिहा. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदाच ठिणगी पडते. म्हणून एक सोडून एक मोजा: १, ३, ५, ७, २, ४, ६. दोन फेऱ्यांत सर्वांची पाळी समान अंतराने येते. आता सहा आकडे घ्या: १, ३, ५ आणि पुन्हा १! सम आकडे उपाशीच राहतात. त्यांना पाळी द्यायची तर ठिणग्यांमधले अंतर बिघडते आणि इंजिन हादरू लागते.

नऊ आकड्यांचे काय होईल, ते विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.